अधूनमधून येणारं मूल

पाळणाघरांविषयी चर्चा सुरू झाली की ती लगेच कॅमेऱ्यापाशी येऊन थांबते. नोव्हेंबर २०१६मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खारघरमध्ये एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली. तेव्हापासून भिंतीवर कॅमेरा असला की मूल सुरक्षित, असं अनेकांनी मनाशी ठरवून टाकलं. कॅमेरा लावावा, त्याला कोणाची हरकत नाही. पण एका घरात एकटी बाई चार-पाच मुलं सांभाळते, तिथे कोणतं मूल घ्यावं, कधी घ्यावं आणि कधी नाकारावं, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

हा प्रश्न याच जिल्ह्यातल्या रोह्यासारख्या गावात जास्त टोकदार होतो, कारण इथल्या पुष्कळ घरांची गरज रोजची नसतेच. धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या बदलतात. नवऱ्याची दुसरी पाळी असेल तर सकाळभर मूल त्याच्यापाशी राहतं. पहिली लागली की कोणापाशी ठेवायचं, इथून सुरुवात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेला निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश येतो. सासूबाईंना डॉक्टरकडे पनवेलला न्यायचं असतं, आणि परतीची दिवा-रोहा गाडी चुकली तर घरी पोचायला रात्र होते. शेजारच्या पेण तालुक्यात हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत उत्सव जवळ येईल तशी रंगकामाची घाई होते आणि मूर्ती रवाना झाल्या की ती ओसरते. अशा घरांना बाराही महिने पाळणाघर परवडत नाही आणि लागतही नाही.

कायद्याच्या नजरेत ही गरज बसत नाही. १९४८चा कारखाना कायदा, पुढच्या दुरुस्तीनंतर, ३०हून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर मागत असे. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांची अट घातली. पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा बायका मूर्ती रंगवत बसतात, तिथे यातलं काय लागू होणार? अंगणवाडी १९७५पासून आहे, पण ती काही तासांची, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे सहसा दिवसभर ठेवता येत नाही. पूर्वी घरात आजी होती असं म्हणणाऱ्यांनी ती आजी आषाढात स्वतः लावणीला जात होती हे विसरू नये. उरतं ते आळीतलं घरगुती पाळणाघर.

आणि नेमकं इथेच एक मत आडवं येतं. ते मुलांविषयी खरी कळकळ असलेल्यांचं आहे, म्हणून त्याची नीट दखल घ्यायला हवी. मूल घ्यायचं तर रोजचं घ्या, असं ही मंडळी म्हणतात. एका दिवसापुरतं आलेलं मूल रडून हैराण होतं, त्याला पाहून रोजची मुलं बिथरतात, सांभाळणारीचा सगळा दिवस त्या एकाच मुलामागे जातो. आधाराला जॉन बोल्बी यांचं नाव येतं. आईपासूनच्या ताटातुटीवर त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला १९५१चा अहवाल प्रसिद्ध आहे.

रडण्याची तक्रार खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. बोल्बींच्या अहवालाचा भर संस्थांत वाढणाऱ्या आणि घरापासून दीर्घकाळ तुटलेल्या मुलांवर होता. आठवड्यातल्या एका दुपारला तो लावणं ओढूनताणून होतं. याहून जवळचा पुरावा त्यांचेच सहकारी जेम्स रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी १९६०च्या दशकाअखेरी चित्रफितींत नोंदवून ठेवला आहे. सतरा महिन्यांचा जॉन आईच्या बाळंतपणात नऊ दिवस निवासी शिशुगृहात राहिला. तिथल्या सांभाळणाऱ्या मुली प्रेमळ होत्या, पण त्या सारख्या बदलत. जॉन एकेकीच्या जवळ जाऊन पाहायचा, पुन्हा एकटा पडायचा. पुढे त्याचं खाणं सुटलं, आणि आई परत आली तेव्हा त्याने तिलाच झिडकारलं. जेनही सतरा महिन्यांचीच. ती दहा दिवस रॉबर्टसनांच्या घरी राहिली. मात्र त्याआधी तिच्या तिथे फेऱ्या झाल्या होत्या, आणि तिच्या खाण्या-झोपण्याच्या सवयी जॉइसबाईंनी समजून घेतल्या होत्या. जेनला त्रास झाला, पण ती कोलमडली नाही.

दोघांपैकी कोणीही तिथलं रोजचं मूल नव्हतं. म्हणून इथे एक फरक आग्रहाने मांडावा लागतो: अधूनमधून येणारं मूल वेगळं आणि अनोळखी मूल वेगळं. विरोध करणारे दोघांना एकच समजतात. रोजचं मूलही पहिल्या दिवशी अनोळखीच असतं आणि तेही तितकंच रडतं. उलट महिन्यातून दोनदाच येणारं मूल त्या घराची मोरी, खिडकी, दुपारचं अंथरूण ओळखत असेल तर थोडं मुसमुसून खेळायला लागतं. वर्षाच्या आतबाहेरच्या मुलांना ही ओळख व्हायला वेळ लागतो, आजारी मूल तर घरीच हवं. पण त्याने मूळ फरक पुसला जात नाही.

ही ओळख आधी करून द्यावी लागते. पहिल्या दुपारी आईने मुलासोबत बसून राहायचं. दुसऱ्या खेपेला ‘मी येते’ असं सांगून कोपऱ्यावर जाऊन यायचं, त्याची नजर चुकवून पळायचं नाही. बाईच्या वहीत त्याचं एक पान हवं: वरणभात खातो की दुधात कुस्करलेली भाकरी, झोपताना कोणती ओढणी लागते, शी लागली की काय म्हणतो, न्यायला कोण येणार.

खरी अडचण पैशाची आहे. इंग्लंडमध्ये घरी एकट्याने मुलं सांभाळणाऱ्या बाईला आठ वर्षांखालची सहाच मुलं घेता येतात, त्यांतली पाच वर्षांखालची साधारणपणे तीन. असा आकडा पाळायचा तर अधूनमधूनच्या मुलासाठी एक जागा रिकामी ठेवावी लागते, आणि रिकाम्या जागेचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. मग मूल आलं की गर्दीत एक वाढतं. आलेल्या दिवसाचे तेवढे पैसे, हा हिशेबच मोडला पाहिजे. जागा राखण्याचे थोडे पैसे दरमहा आणि आलेल्या दिवसाचे वेगळे, असं ठरलं तर त्या बाईला आकडा सांभाळता येईल.

ज्या पालकांना पावसाळ्यात किंवा पाळी बदलल्यावर गरज पडणार आहे, त्यांनी आत्ताच मुलाला घेऊन आपल्या आळीतल्या पाळणाघरात दोन-तीन दुपारी बसून यावं आणि पैशांचं बोलून घ्यावं. आणि सकाळी आठला फोन करून ‘आजच्या दिवस ठेवाल का’ विचारणाऱ्याला, मूल त्या घरात आधी कधीच आलेलं नसेल तर, बाईने नाही म्हणावं, विचारणारा नात्यातला असला तरी.