नमुना सही

सरळ बोटानं तूप निघत नाही, असं म्हणतात. त्या हिशेबानं मी सध्या तूप काढण्यास अत्यंत लायक माणूस आहे. माझ्या उजव्या हाताची तर्जनी टोकाच्या सांध्यापाशी किंचित वाकली असून तिथे हरभऱ्याएवढी गाठ आली आहे. बावीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या, व्हाउचरांवर सह्या केल्या. आता त्या बोटानं संप पुकारलाय. आमचे संप निदान नोटीस देऊन होतात. यानं तेवढंही सौजन्य दाखवलं नाही.

बोट दुखतंय हे कळताच ऑफिसातला प्रत्येकजण डॉक्टर झाला. हेडकॅशियरनी तांब्याची अंगठी सुचवली, शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी मेथीचे लाडू आणि शिपायानं त्याच्या गावच्या एका वैदूचा पत्ता दिला, जो फक्त अमावास्येला भेटतो. आमच्या घरातलं निदान सर्वांत स्वस्त होतं. "सारखी बोटं मोडत बसता ना, म्हणून!" सौभाग्यवती म्हणाल्या.

बोटं मोडणं दोन प्रकारचं असतं. दुसऱ्याच्या नावानं मोडायची ती निराळी. पण पहिल्या प्रकारातल्या आरोपीला सोडवणारा एक साक्षीदार मला सापडला. कॅलिफोर्नियातले डॉ. डोनाल्ड अंगर. आई, मावश्या आणि पुढे सासूबाई यांनी दटावलं, म्हणून या गृहस्थानं साठेक वर्षं रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताला मोकळं ठेवलं. शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. या तपश्चर्येबद्दल त्यांना २००९ साली 'इग नोबेल' मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. ही हकीगत मी घरी सांगितली. "सासूबाईंचं ऐकायला साठ वर्षं लागली म्हणा की!" एवढाच अभिप्राय मिळाला.

अखेर खऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट दाबलं, मी ओरडलो, आणि रोगाचं नाव ठरलं : ऑस्टिओआर्थ्रायटिस.

"म्हणजे घसारा!" मी म्हणालो. मी कॉमर्सचा पदवीधर. यंत्र असो की फर्निचर, दरसाल किंमत कमी होणारच.

"नुसता घसारा नाही," डॉक्टर म्हणाले. "कूर्चा झिजते हे खरं, पण सांधा आपल्या परीनं दुरुस्तीही करत असतो. कडेनं नवं हाड धरतं, तीच ही गाठ. हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी अठराव्या शतकात तिचं वर्णन केलंय, म्हणून ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते."

म्हणजे माझ्या बोटावर गळकी गच्ची दुरुस्त करायला आलेल्या गवंड्यानं जास्तीचं सिमेंट थापलं होतं तर.

मग इलाज. गरम पाण्याचा शेक, बोटांचे ठरावीक व्यायाम, दुखरा सांधा टेकवायला लहानशी पट्टी, वरून चोळायचं वेदनाशामक जेल. गोळ्या लागल्याच तर थोडे दिवस आणि विचारून, कारण त्या पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर वसुली लावतात. क्वचित इंजेक्शन. अगदीच असह्य झालं तर शस्त्रक्रिया. त्यात टोकाचा सांधा कायमचा जखडून टाकतात. तो मग वाकत नाही, पण दुखतही नाही.

"आणि पूर्वीसारखं कधी होणार?"

"पूर्वीसारखं करणारं औषध अजून नाही. पण काम होईल, दुखणं कमी होईल. पेन जाड घ्या."

मी खट्टू झालो. म्हणजे आयुष्यभर व्याज भरायचं, मुद्दल तसंच! पूर्वीसारखं करत नाही त्याला इलाज कसं म्हणायचं, हा प्रश्न डोक्यात घेऊन दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर बसलो.

समोर एक निवृत्त शिक्षिका उभ्या. पैसे काढायची स्लिप. मी स्क्रीनवर नमुना सही काढली. ती १९९१ सालची, मोत्यासारखी. स्लिपवरची सही म्हणजे त्याच मोत्यांवरून बैलगाडी गेलेली. मागच्या महिन्यात याच बाईंना मी "सही जुळत नाही" म्हणून परत पाठवलं होतं. नियमच आहे. नियम नसता तर चोरांची चैन झाली असती.

"बाई, अंगठा देता का?" मी विचारलं. आजारी, वृद्ध खातेदारांचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यायची सोय रिझर्व्ह बँकेनं केलेली आहे. सोय चांगली आहे. पण कुणाला काय विचारतोय, हे शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं.

बाईंनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. आठही बोटांच्या टोकाला गाठी. "पस्तीस वर्षं मी मुलांना सही करायला शिकवलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "सही माझीच आहे हो. बोटं ती राहिली नाहीत."

माझी तर्जनी आपोआप काउंटरखाली गेली.

मग आम्ही काय केलं? अधिकाऱ्यांना बोलावलं, ओळख पटवली, नवं कार्ड काढलं आणि नवी नमुना सही घेतली. पाच मिनिटांचं काम. बाईंची बोटं सरळ झाली नाहीत. बदलायला हवं होतं ते आमच्याकडचं कार्ड. इलाजाचा अर्थ मला डॉक्टरांच्या खोलीत समजला नव्हता, तो काउंटरवर समजला : माणूस पूर्वीसारखा होत नसेल, तर निम्मा इलाज आजूबाजूच्यांनी करायचा असतो.

एवढा मोठा विचार घेऊन रुबाबात घरी आलो. जेवताना लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी माझ्याच्यानं उघडेना.

"ती मलाही दोन वर्षं उघडत नाही," आई म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी आईनं लोणचं सोडलं होतं. "आता नको वाटतं रे," म्हणाली होती. आईला कसं वैराग्य आलंय, ते मी पाहुण्यांना कौतुकानं सांगत असे.

"मग सांगितलं का नाहीस?"

"दर जेवणाला कुणाला हाका मारायच्या?"

मी तिचे हात पाहिले. रोज पाहतो, पण डोळ्यांपुढे असते ती तिची १९९१ सालची नमुना सही.

आता आईलाही डॉक्टरांना दाखवून आणलंय. संध्याकाळी आम्ही मायलेक समोरासमोर बसून बोटांचे व्यायाम करतो. बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून कुणाच्या तरी नावानं बोटं मोडताहेत. आणि बरणीचं झाकण आमच्या घरी हल्ली सैलच ठेवलेलं असतं. मुंग्या होतात, पण आईचं वैराग्य मात्र साफ गेलं.