इंजिन जाम का झाले?



1955 साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि बुलेट आपल्या रस्त्यांवर रुळली. बिडाच्या सिलिंडरचे ते जुने साडेतीनशेचे इंजिन धावता धावता जाम झाले, की मालकाचे म्हणणे एकच असते : पिस्टन बदला आणि गाडी उद्या द्या. जाणता मिस्त्री मात्र आधी इंजिन पूर्ण खोलतो.

खोलल्यावर तो लगेच डिझेलने धूत नाही. काढलेल्या तेलात धातूचा चुरा आहे का, पिस्टनवर ओरखडे कोणत्या बाजूला आहेत, हे आधी पाहतो. धुतले की ही साक्ष पुसली जाते. मग तो मापे घेतो. सिलिंडर डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी वरच्या भागात, जिथून रिंगा परत फिरतात, तिथे अधिक झिजलेला असतो. म्हणून वर, मध्ये आणि खाली असे मोजावे लागते. कनेक्टिंग रॉड आडवा थोडा सरकला तर चालते, तेवढी मोकळीक त्याला हवीच. उभा हलला, तर मात्र बेअरिंग गेले.

तरीही मुख्य प्रश्न उरतोच : पिस्टन जाम का झाला? या इंजिनात तेलाचे दोन पंप असतात. एक तेल क्रँककडे पाठवतो, दुसरा ते टाकीत परत आणतो. पाठवणारा पंप झिजला असेल, तेलाची वाट गाळाने बुजली असेल किंवा ठिणगीची वेळ चुकत असेल. ते तसेच ठेवून नवा पिस्टन बसवला, तर तोही जाम होणार.

एखाद्या गोष्टीचे 'का' कळेपर्यंत ती कळली असे होत नाही, असे ॲरिस्टॉटलने शिकविले. आपल्या वागण्यालाही हे लागू आहे. घरात हात उगारणारा बाप दुसऱ्या दिवशी क्षमा मागतो, पापनिवेदनही करतो. त्याचा पश्चात्ताप खोटा नसतो. पण पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घडते. आपण दर वेळी पिस्टनच बदलत असतो. आत काय आहे? दारू? घरच्यांपासून लपविलेले कर्ज? की माझेच ऐकले पाहिजे हा अहंकार?

इथे कोणी म्हणेल, कारण सापडले की दोष कारणावर गेला, माणूस सुटला. तसे नाही. पंप बिघडला होता म्हणून ओरखडलेला पिस्टन कोणी परत बसवीत नाही. दोन्ही दुरुस्त करावे लागतात. कर्जामुळे राग आला हे खरे असले, तरी मार खाल्लेल्या मुलाची क्षमा मागायचीच आहे. उलट, कारण कळले की आपली जबाबदारी वाढते. यापुढे 'माहीत नव्हते' असे म्हणता येत नाही.

आपल्या वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, 20 डिसेंबर 1956 रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. गावात आले की ते आधी खराट्याने रस्ते झाडत. पण तेवढ्यावर थांबत नसत. रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून दारू, कर्ज, पशुहत्या, शिवाशीव यांची मुळे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. खराटा आणि प्रश्न, दोन्ही त्यांना लागत.

या आठवड्यात आपण आपला एकच वारंवार घडणारा दोष घेऊ. त्याची क्षमा मागण्यापूर्वी 'का' असे विचारू. उत्तर स्वतःच्या डोळ्यांवर सोपवू नये. आपली झीज घरच्यांना अधिक नेमकी दिसते. त्यांना विचारावे आणि ते बोलतील तेव्हा मध्ये बोलू नये. आणि दोष दिसले म्हणून खचूही नये. थोडी मोकळीक प्रत्येकाला हवी असते, प्रत्येक सैलपणा पाप नसते. मिस्त्री इंजिन खोलतो ते पुन्हा जोडण्यासाठीच.

ते पाहण्याचे धैर्य परमेश्वर आपणा सर्वांना देवो.