घरपट्टीच्या बिलात नसलेली ओळ

कारेगाव, रांजणगाव गणपती, सणसवाडी, शिक्रापूर. शिरूर तालुक्यातली ही गावं कागदोपत्रीच गावं उरली आहेत. पुणे-नगर रस्त्याच्या कडेनं एलजी, व्हर्लपूल, फियाट यांचे कारखाने उभे राहिले, शेतांच्या जागी चाळी आणि भाड्याच्या खोल्या आल्या. पाळी सुटली की मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशातून आलेली पोरं रस्त्यावर दिसतात. शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत, पाटसला साखर कारखाना आणि केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळं. दौंड शहर तर रेल्वेनं वसवलेलं, सोलापूर आणि मनमाडकडचे फाटे जिथे वेगळे होतात ते जंक्शन. हा भाग गरीब आहे असं कुणी म्हणणार नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना कराचं उत्पन्न इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

अशा गावातलं घरपट्टीचं बिल हातात घेऊन पाहावं. वर मिळकत क्रमांक, खाली रकाने: घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, मागील थकबाकी. वाचनालयाचा रकाना नाही. तो राहून गेलेला नाही, तो नसावा असं ठरलेलं आहे. मद्रास प्रांतानं 1948 साली ग्रंथालय कायदा केला तेव्हा स्थानिक करावर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकानं 1965 च्या कायद्यात तेच केलं, पुढे केरळनंही. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात ग्रंथालय संचालनालय आहे, राज्य ग्रंथालय परिषद आहे, ग्रंथालय निधीत सरकारनं दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत अशी तरतूद आहे. उपकर मात्र नाही.

त्यामुळे महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे बहुतेक वेळा एक नोंदणीकृत संस्था असते. चार उत्साही माणसं कार्यकारिणी स्थापन करतात, पुस्तकं जमवतात, मान्यता मिळवतात आणि सरकारच्या अनुदानाची वाट पाहतात. अ, ब, क, ड असे वर्ग ठरलेले आहेत. राज्यात अशी 10 हजारांहून अधिक ग्रंथालयं आहेत. ही रचना लोकांच्या पुढाकारावर उभी आहे आणि तिचा अभिमानही बाळगता येईल. पण पुढाकार घेणारी पिढी थकली की ग्रंथालयही थकतं, आणि ग्रामपंचायतीला त्याचं सोयरसुतक नसतं.

अनुदानाचे आकडे पाहिले की बाकीचं समजतं. 2012 पासून दहा वर्षं 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार रुपये मिळत होते. नोव्हेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळानं 60 टक्के वाढ दिली, ते 48 हजार झाले. यातली निम्मी रक्कम पगारासाठी. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला 2 हजार रुपये; आधी साडेबाराशे होते. रांजणगावच्या वसाहतीत कंत्राटी हेल्पर एवढे पैसे आठवड्याच्या आत कमावतो. उरलेल्या 24 हजारांत वर्षभराची पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, वीजबिल आणि झाडलोट. वेतनश्रेणीसाठी ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत, व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचा हवाला देत आहेत. अधिवेशन आलं की निवेदन दिलं जातं, ते स्वीकारलं जातं.

2012 साली सरकारनं महसूल खात्याची माणसं पाठवून ग्रंथालयांची पडताळणी केली. बऱ्याच ठिकाणी पाटी होती, ग्रंथालय नव्हतं. कुठे पुस्तकं होती, वाचक नव्हते. बोगस ग्रंथालयं बंद व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर नव्या मान्यतेचा दरवाजाच वर्षानुवर्षं लावून घेतला गेला. नेमक्या याच काळात कारेगाव, सणसवाडीसारख्या गावांची लोकसंख्या फुगत होती. जिथे वाचक नव्यानं आले तिथे नवं ग्रंथालय मिळेना, आणि चोर पकडताना दुकानच बंद केल्यासारखं झालं.

आता या ग्रंथालयात कोण येतं, ते पाहू. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी. संध्याकाळी तीच, किंवा स्पर्धा परीक्षेची पोरं. घरातली बाई पुस्तक बदलायला बहुधा मुलाला पाठवते. सभासद व्हायचं तर अनामत, मासिक वर्गणी आणि अनेक ठिकाणी गावातल्या कुणाची तरी हमी. बीडहून ऊसतोडीला आलेलं कुटुंब न्हावरे किंवा पाटसच्या फडात हंगामभर कोपीत राहतं, त्याची हमी कोण देणार? गुऱ्हाळावरच्या उत्तर प्रदेशी कामगाराची? यांना कुणी हाकलत नाही, कारण यांच्यातलं कुणी दारापर्यंत येतच नाही.

याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी वाचवून आणलेल्या मुली तिथे लिहायला-वाचायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल त्याच छापखान्यात तयार झालं. 1922 मध्ये त्या गेल्या, त्यानंतर ते पूर्ण छापून निघालं. रमाबाईंच्या धर्मकार्याबद्दल मतं वेगळी असू शकतात, तेव्हाही होती. पण परप्रांतातून आलेल्या, कुणाचीही हमी नसलेल्या मुलींना अक्षर द्यायला केडगावात अडचण आली नव्हती, एवढं तरी शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण याच मातीत आहे.

त्याच सुमारास बडोद्यात सयाजीराव गायकवाड मोफत ग्रंथालयं उघडत होते. अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल त्यांनी 1910 मध्ये बोलावला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. गावानं ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. राजाचं राज्य होतं, तरी गावाचा वाटा हिशेबात धरलेला होता. मुंबई प्रांतात फैजी समितीनं 1940 मध्ये ग्रंथालयांची उतरंड आखून दिली, जिल्हा, तालुका, गाव अशी. त्या आराखड्यातलं गाव अजून कागदावरून खाली उतरलेलं नाही.

ग्रंथालयात कोण येतं याइतकाच कपाटात काय असतं हाही प्रश्न आहे. सेन्सॉरशिप म्हटलं की बंदीचा हुकूम डोळ्यांसमोर येतो. पुणे जिल्ह्याला तोही ठाऊक आहे. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, कारण जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या वादग्रस्त पुस्तकात संस्थेचे आभार मानले होते. सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. उच्च न्यायालयानं ती उठवली आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. पुस्तक कायद्यानं मोकळं झालं. पण ते कपाटात दिसेल अशा जागी ठेवण्याची हिंमत किती कार्यकारिणींत आहे?

शिरूर तालुक्याशी तर हा विषय आणखी जवळून जोडलेला आहे. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा इथे हिंसाचार झाला. त्यातून पुढे एल्गार परिषदेचा खटला उभा राहिला, आणि त्यात आरोपींच्या घरी सापडलेली पुस्तकं पुरावा म्हणून मांडली गेली. 2019 मध्ये उच्च न्यायालयात 'वॉर अँड पीस' या शब्दांवरून टॉलस्टॉयची चर्चा देशभर रंगली. पुस्तक प्रत्यक्षात पश्चिम बंगालमधल्या जंगलमहालवरचं, बिस्वजित रॉय यांनी संपादित केलेलं होतं. न्यायमूर्तींनी दुसऱ्या दिवशी खुलासा केला, पण विनोद पसरून गेला होता. पुढे जुलै 2023 मध्ये व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, नुसतं साहित्य जवळ बाळगणं, त्यातला मजकूर हिंसेला चिथावणारा असला तरी, यूएपीए कायद्याच्या त्या कलमांखाली गुन्हा ठरत नाही. न्यायालय हे म्हणेपर्यंत दोघांची जवळजवळ पाच वर्षं कोठडीत गेली होती. डिसेंबर 2022 मध्ये माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य सरकारनं पुरस्कार जाहीर केला आणि आठवड्याभरात काढून घेतला. सरकारी समितीनंच निवडलेलं पुस्तक सरकारला नकोसं झालं.

महिन्याला 2 हजार मिळवणाऱ्या ग्रंथपालानं यातून काय बोध घ्यावा? त्याला कुणी बंदीचं पत्र पाठवत नाही. अनुदानाचा दुसरा हप्ता यायचा असतो, कार्यकारिणीचा अध्यक्ष गावातल्या कुठल्या तरी गटाचा असतो, जागा ग्रामपंचायतीची असते. पुस्तकखरेदीच्या यादीतलं वादाचं नाव तो आपण होऊन खोडतो. त्या जागी शासनमान्य यादीतलं एखादं व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक येतं, त्यावर कुणाचाच आक्षेप नसतो. निधी, समता आणि सेन्सॉरशिप यांवर चर्चासत्रात वेगवेगळी सत्रं होतात; गावातल्या एका खोलीत ती एकच गोष्ट असते. ज्याच्या पगाराला आणि जागेला कायद्याचा आधार नाही, तो परक्या माणसाला सभासद करून घेत नाही आणि अडचणीचं पुस्तकही.

उत्तर म्हणून सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीकडे, बोट दाखवलं जातं. 2013 च्या कंपनी कायद्यात सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हा मान्य खर्च आहे आणि कारखाने तर दारातच आहेत. पण असा पैसा इमारत बांधतो, फीत कापतो, संगणक देतो; तिसऱ्या वर्षी ग्रंथपालाचा पगार देत नाही. दुसरं बोट महाबळेश्वरजवळच्या भिलारकडे जातं. तिथलं पुस्तकांचं गाव 2017 पासून पर्यटकांना आनंद देत आहे. तो द्यावाच, मात्र कारेगावच्या खोलीत राहणाऱ्याला महाबळेश्वरचा रस्ता दाखवून भागणार नाही.

उपकर हा रामबाण नाही. कर्नाटकात तो वसूल होतो, पण बंगळुरूच्या महापालिकेनं तो ग्रंथालय खात्याला द्यायला वर्षानुवर्षं टाळलं. म्हणून 1967 च्या कायद्यात नुसता उपकर घालून चालणार नाही. तो परस्पर ग्रंथालयाच्या खात्यावर जमा व्हायला हवा. आणि करदात्याचा पैसा आला की अटीही आल्या. आधार कार्डावरचा पत्ता कुठलाही असो, खोलीच्या भाडेपावतीवर सभासदत्व. हमीदार नको. पुस्तक काढून टाकायचं तर लेखी कारण आणि कार्यकारिणीचा ठराव, तोंडी सूचना चालणार नाही. वेळेची अट मात्र सगळ्यात अवघड जाईल, कारण रांजणगावात दुसरी पाळी रात्री सुटते आणि वाचनालयाला तोवर कुलूप लागलेलं असतं.