कार्डावरचे अक्षर, कागदावरचे वळण

मोडी लिपी आठ दिवसांत येते, असे सध्या फार सहज बोलले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाड्यात जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि जुनी दप्तरे उघडल्यावर कळले की कागद आहेत, पण ते वाचणारी माणसे मोजकीच उरली आहेत. त्या अडचणीतून मोडीविषयी जो उत्साह आला तो खोटा नाही. बीड जिल्ह्यातली विशी-बाविशीची मुले आपल्या पणजोबांचे कागद स्वतः वाचू पाहतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणूनच त्यांच्या हाती जे दिले जात आहे त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

दिली जात आहेत ती कार्डे. त्याच जिल्ह्यातल्या धर्मापुरीत अशी एक गड्डी मी हातात घेऊन पाहिली. जाड कागदावर आठ-आठ चौकोन, प्रत्येकात एक मोडी अक्षर, पाठीमागे त्याचे बाळबोध, म्हणजे देवनागरी रूप. मोबाइलवर आलेली पाने छापून घेतलेली, कात्रीने कापलेली, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवलेली. ज्या मुलाची ती होती त्याला सगळी अक्षरे येत होती. कोणतेही कार्ड काढा, उत्तर तयार. मग घरातल्या एका खरेदीखताची झेरॉक्स त्याने पुढे ठेवली आणि पहिल्याच ओळीत तो अडला. ‘मौजे’चे झालेले ‘मौ॥’ त्याला कळले नाही, हे मी समजू शकतो; संक्षेप निराळे शिकावे लागतात. पण पुढे त्याच्याच गावाचे नाव होते. ‘धर्मापुरी’तले ध, म, प, र हे चारही त्याच्या गड्डीत होते. कागदावर त्याला त्यातले एकही सापडले नाही.

धर्मापुरीला लोक येतात ते केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर पाहायला. दगडाची अशी कदर होते आणि घरोघरच्या रुमालांत बांधलेले कागद मात्र माळ्यावर पडून राहतात, ही खंत जुनीच आहे. आजचा मुद्दा त्याहून नेमका आहे.

कार्डांचे समर्थक एक दाखला नेहमी देतात, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. चिनी लिपीत हजारो अक्षरे. २०१३ साली चीन सरकारने जाहीर केलेल्या तक्त्यात ८,१०५ अक्षरे आहेत; त्यातली नित्य वापराचीच ३,५००. जगभरचे विद्यार्थी ती छापील कार्डांवर शिकतात. मग पन्नासेक अक्षरांच्या मोडीसाठी बोरू, कित्ता आणि शिकवणारा माणूस कशाला हवा?

इतर मतांशी मला फारसे भांडायचे नाही. संगणक मोडी वाचेल असे म्हणणाऱ्यांनी त्याचे वाचन तपासणार कोण, एवढे सांगावे. हेमाडपंताने मोडी लंकेहून आणली की नाही, या वादातून एकही कागद वाचून होणार नाही. शाळेत मोडी सक्तीची करा ही मागणी अस्मितेची आहे, वाचनाची नाही. चिनी कार्डांचा दाखला मात्र सोडून देता येत नाही, कारण तो हुशार माणसांना पटतो.

पहिली गोष्ट म्हणजे चिनी अक्षरसुद्धा नुसत्या कार्डावर शिकले जात नाही. तिथे प्रत्येक अक्षराच्या रेघांचा क्रम ठरलेला असतो: आडवी आधी, उभी नंतर, डावीकडची आधी, उजवीकडची नंतर. शाळकरी मुले तो क्रम वर्षानुवर्षे चौकटीच्या वहीत गिरवतात. दोन आडव्या रेघा आणि वरची छेदून खालचीवर टेकणारी एक उभी, अशी दोन अक्षरे आहेत. त्यातली खालची आडवी रेघ लांब असेल तर अर्थ माती, वरची लांब असेल तर अर्थ विद्वान किंवा योद्धा. कार्डावर हा फरक डोळ्यांना पुन्हापुन्हा हुलकावणी देतो. ज्याने ती अक्षरे शंभरदा लिहिली आहेत त्याच्या हाताला तो आपसूक माहीत असतो. आपल्याकडचे उदाहरण घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. मधल्या चार वर्षांत ते चिनी शिकले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेतून शिकवू लागले. चीन-जपान युद्धाच्या धामधुमीतल्या रुग्णालयात त्यांच्यापुढे छापील मजकूर कितीसा येणार? हाताने लिहिलेली टिपणेच जास्त असणार, आणि ती वाचायला सुट्या अक्षरांची ओळख पुरली नसणार.

यावर उत्तर येते ते असे: आज चीनमध्येच लोक फोनवर उच्चार टाइप करून अक्षरे निवडतात, लेखणी हातात घेतली की त्यांना अक्षर आठवत नाही, तरी त्यांचे वाचन कुठे थांबले? हे उत्तर मला मान्य आहे. छापील मजकूर न लिहितासुद्धा वाचता येतो, यात शंका नाही. पण त्या कबुलीतच माझे म्हणणे आहे. छापील चिनी अक्षर सुटे असते, प्रत्येक अक्षर आपापल्या सारख्या चौकोनात बसलेले असते. कार्ड म्हणजे त्या चौकोनाचेच मोठे केलेले रूप. कार्डावर दिसते तेच पुस्तकात दिसते, म्हणून कार्ड तिथे चालते. मोडीचे छापील पुस्तक आहे कुठे? विल्यम कॅरीने सिरामपूरला मोडीचे खिळे पाडून १८१० मध्ये मराठी कोश छापला खरा, पण छपाईने पुढे बाळबोधच उचलली आणि मोडी मुख्यतः हस्तलिखितातच राहिली. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तेव्हा कुठे तिची अक्षरे संगणकावर नीट बसवता आली. आजच्या कार्डांवरची सुबक अक्षरे त्यानंतरची. त्या घडणीचा एकही कागद कोणाच्याही रुमालात सापडणार नाही.

मोडीचा कागद कसा तयार व्हायचा ते पाहा. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघांना अक्षरे लावत जायचा. बाळबोधीत शब्द संपला की शिरोरेघ तुटते. मोडीत रेघ शब्दाच्या आधीपासूनच तिथे असल्यामुळे शब्द कुठे संपला ते ती सांगत नाही. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. बोरू शक्यतो उचलायचा नाही. म्हणून मोडीतला काना बाळबोधीसारखा वरून खाली येत नाही. अक्षराच्या पायथ्यापासून निघून तो वर रेघेला भिडतो, म्हणजे बोरू पुढच्या अक्षरासाठी आधीच वर पोचलेला असतो. ‘धर्मापुरी’तला ‘मा’ असाच होतो. घाईत लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या हातात तो काना तिरपा पडतो, पुढच्या ‘पु’ला चिकटतो, आणि दोन अक्षरांचे मिळून एक तिसरेच चित्र तयार होते. त्या चित्राचे कार्ड कोणी छापलेले नाही आणि छापताही येणार नाही, कारण पुढच्या पानावर, पुढच्या माणसाच्या हातात ते निराळे असते.

इथे आकार आणि वळण यांत फरक करावा लागतो, आणि सगळा वाद माझ्या मते या एका फरकाशी येऊन थांबतो. आकार म्हणजे लिहून झाल्यावर जे दिसते ते. वळण म्हणजे हात कुठून निघाला, कुठे वळला, कुठे घाईत होता. आकार माणसागणिक बदलतो. एका घराण्याचे वळण मात्र पिढ्यान् पिढ्या टिकते. चिटणिशी, बिवलकरी अशी वळणांना नावेच होती. बिवलकरी गोलसर आणि तिरकी, ती डोळ्यांत बसली की त्या हाताचे पुढचे कागद भराभर लागतात. जाणता वाचक अक्षर पाहून ओळखत नाही. तो लिहिणाऱ्याचा हात मनातल्या मनात पुन्हा चालवतो आणि तो हात कुठे गेला यावरून अक्षर ठरवतो. वाटेवर उमटलेल्या पावलांवरून माणूस कुठे निघाला होता ते कळते, तसेच हे आहे.

कार्डांमागे शास्त्र आहे, असेही सांगितले जाते. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. ठरावीक अंतराने उजळणी केली की विसर कमी पडतो, हे खरेच आहे. पण त्यांनी स्वतःवर केलेले ते प्रयोग मुद्दाम रचलेल्या निरर्थक अक्षरगटांचे होते. मागेपुढे काही नसलेली सुटी वस्तू पाठ करायची असेल तर ती पद्धत उत्तम. उजळणी जे शिकलात तेच टिकवते. सुटा आकार शिकलात तर सुटा आकार टिकेल, आणि मोडीच्या कागदावर सुटा आकार जवळजवळ भेटतच नाही.

कार्डे जाळून टाका, असे मी म्हणत नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत, भीती मोडण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. पुराभिलेख संचालनालयाच्या आणि इतर संस्थांच्या अल्पमुदतीच्या वर्गांत ती वाटली तरी चालेल. पण त्यानंतर मुलांच्या हाती बोरू, नाहीतर निदान तिरप्या कापलेल्या टोकाचा पेन द्यावा, पानभर रेघा ओढायला लावाव्यात आणि एकाच हाताचे कागद महिनाभर नकलून काढायला सांगावेत. वाचून दाखवण्याची घाई नको.

ही घाई आजच्या घडीला नुसती शैक्षणिक चूक नाही. नोंद शोधणारा माणूस एक शब्द मनात धरून पानामागून पान उलटत असतो. ज्याला फक्त आकार येतो त्याला हवा असलेला आकार हळूहळू सगळीकडे दिसू लागतो. क आणि ण यांच्यासारखे काही एकापुढे एक आले की त्याचे मन ‘कुणबी’ पुरे करून टाकते. कधी उलटेही होते: खरा शब्द समोर असतो, पण कार्डासारखा दिसत नाही म्हणून पान उलटले जाते आणि एका घराचा हक्क त्या पानात राहून जातो. वळण जाणणारा मात्र थांबून म्हणू शकतो की हात इथे वर गेलेला नाही, हा काना नाही, हे ते नाव नाही. ‘नाही’ म्हणण्याची ही ताकद गड्डीतून येत नाही. ज्याच्या वाचनावर कोणाचा दाखला निघणार किंवा नाकारला जाणार आहे, त्याला तो शब्द त्याच कागदाच्या वळणात स्वतः लिहून दाखवता आला पाहिजे, एवढी अट मोडीच्या परीक्षांत घालायला काय हरकत आहे?