वार्ता, साक्ष आणि धान्याची रास



काही दिवसांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक तरुण व्यापारी माझ्याजवळ येऊन बसला. तो चीनमधून माल आणून विकतो. तेथील एका पुरवठादाराशी भागीदारी करून वडिलांची शिल्लक त्यात गुंतवावी, असा त्याचा विचार होता. आधार होता तो चीन सरकारने जाहीर केलेल्या आर्थिक वाढीच्या आकड्यांचा. त्याने विचारले, "मौलाना, जिथे सरकारला कुणी जाब विचारू शकत नाही, तिथले आकडे खरे मानावेत का? आणि शंका घेतली, तर ती बदगुमानी ठरेल का?"

सूरह अल्-हुजुरातकडे वळा. सहाव्या आयतीत ईमानधारकांना आज्ञा आहे, की एखाद्या फासिकाने वार्ता आणली तर तिची पडताळणी करावी, अन्यथा अजाणतेपणी कुणाला तरी इजा होईल आणि मग पश्चात्ताप करावा लागेल. त्याच सूरहच्या बाराव्या आयतीत पुष्कळशा संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे. या दोन आज्ञा परस्परविरोधी नाहीत. दुसरी आज्ञा माणसाच्या अंतःकरणाविषयी आहे. तिथे डोकावण्याचा आपल्याला अधिकार नाही. पहिली आज्ञा वार्तेविषयी आहे. शासनाने जाहीर केलेला आकडा ही लोकांसमोर दिलेली साक्ष आहे, तिच्यावर विसंबून लोक निर्णय घेतात. साक्ष तपासणे म्हणजे साक्षीदाराच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणे नव्हे.

पडताळणी न झाल्यास कोणती इजा होते, हे चीनच्याच इतिहासात पाहा. १९५८ साली 'मोठी झेप' या मोहिमेत प्रत्येक कम्यूनचा अधिकारी शेजाऱ्यापेक्षा मोठे पीक कळवू लागला. कमी सांगणाऱ्यावर निष्ठेच्या अभावाचा ठपका बसे. त्या वर्षी देशाचे धान्योत्पादन ३७.५ कोटी टन झाल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात ते सुमारे २० कोटी टन होते. सरकारी वसुली मात्र फुगविलेल्या आकड्यांच्या हिशेबाने झाली. शेतकऱ्यांच्या घरातले दाणे गेले आणि परदेशी निर्यातही चालू राहिली. त्या दुष्काळात किती माणसे गेली, याविषयी अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. कागदावरच्या त्या धान्याने कुणाचेही पोट भरले नाही.

इथे एक हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीजवळ थांबले. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. वाचकहो, खरा प्रश्न राशीत हात घालू दिला जातो की नाही, हा आहे. लोकशाही सरकारेही खोटे बोलतात. ग्रीसच्या सरकारने आपली तूट दडविली होती. परंतु २००९ च्या निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारनेच ते उघड केले. जिथे सरकार बदलता येत नाही, वृत्तपत्र बंद पाडता येते आणि हिशेबनीसाला तुरुंगात टाकता येते, तिथे राशीची वरची बाजूच काय ती दिसते.

मग तेथील प्रत्येक आकडा फेकून द्यावा काय? नाही. हजरत अबू हुरैरा (र.) जकातीच्या धान्यावर पहारा देत असताना रात्री एक चोर येई. सुटकेच्या बदल्यात त्याने त्यांना आयतुल कुर्सीचे महत्त्व सांगितले. तो खोटारडा असला तरी हे खरे बोलला, असे प्रेषितांनी सांगितले. आणि तो होता सैतान. तेव्हा सरसकट नकार हाही आळसच आहे. असा नकार देणारा माणूस पुढे कोणत्याही अफवेवर सहज विश्वास ठेवतो.

आपल्या फकीहांनी साक्षीची पारख करताना जे निकष लावले, ते इथे उपयोगी पडतात. पहिला निकष असा, की साक्षीतून साक्षीदाराचाच लाभ होत असेल तर ती एकट्याने पुरेशी नाही. अधिकाऱ्याची बढती ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा याच प्रकारात मोडतो. दुसरा निकष इकराराचा, म्हणजे स्वतःविरुद्धच्या कबुलीचा. तिचे वजन मोठे असते. २०११ ते २०१४ या काळात आपल्या प्रांतात खोटी आकडेवारी दिली गेली, हे ल्याओनिंगच्या गव्हर्नरांनी जानेवारी २०१७ मध्ये मान्य केले. तिसरा निकष दुसऱ्या साक्षीदाराचा. याच प्रांताचे पक्षप्रमुख असताना, २००७ साली, ली खछ्यांग यांनी अमेरिकी राजदूताला सांगितले होते, की आपण उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जे पाहतो. पुढे उघडकीस आलेल्या राजनैतिक पत्रव्यवहारात ही नोंद आहे, आणि हे गृहस्थ नंतर देशाचे पंतप्रधान झाले. शिकागो विद्यापीठाचे लुईस मार्टिनेझ यांनी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडाशी अनेक देशांचे आकडे ताडून पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार हुकूमशाही राजवटी वार्षिक वाढीचा दर सुमारे ३५ टक्क्यांनी फुगवून सांगतात.

मौनाकडेही लक्ष असू द्या. जून २०२३ मध्ये चीनमधील शहरी तरुणांच्या बेकारीचा दर २१.३ टक्के नोंदला गेला. ऑगस्टमध्ये तो आकडा प्रसिद्ध करणेच थांबविण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये तो परतला, तेव्हा शिकत असलेले तरुण त्यातून वगळलेले होते. साक्ष दडविणाऱ्याचे हृदय गुन्हेगार असते, ही सूरह अल्-बकरहमधील शिकवण (आयत २८३) अशा वेळी आठवावी.

त्या तरुणाला मी म्हटले, "बाळा, शंका घेण्यात गुनाह नाही, मात्र खातरजमा न करता कुणाला खोटारडा म्हणू नकोस. आकडा ऐकून घे. त्याने कुणाचा लाभ होतो ते पाहा, दुसरा साक्षीदार शोध. वडिलांची शिल्लक ही अमानत आहे. जो आकडा कुणालाच तपासता येत नाही, त्याच्या भरवशावर ती टाकू नकोस."

त्याला हे सांगताना माझे लक्ष आमच्या मशिदीच्या फलकाकडे गेले. गेल्या रमजानचा जमाखर्च त्यावर लागलेलाच नव्हता. सूरह अन्-निसाच्या १३५व्या आयतीत, स्वतःविरुद्ध जात असली तरी खरी साक्ष देण्याची आज्ञा आहे. दूरच्या राजवटीला जो निकष लावायचा, तो आपल्या मशिदीला, दुकानाला आणि घराला आधी लावावा लागेल. पुढच्या जुम्याला तो जमाखर्च फलकावर लागेल. आपणही आपापल्या मशिदीचा फलक पाहावा, आणि तो रिकामा असेल तर अदबीने विचारावे.

अल्लाह आपणा सर्वांना खरी साक्ष देण्याचे धैर्य आणि वार्ता पारखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.