हलकं लाकूड

चैत्रात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गावी गेले होते. काकीनं डोक्यावरची मोळी अंगणात टाकली. सावरीच्या वाळक्या फांद्या, पळसाच्या काटक्या, थोडी सालई. चुलतभाऊ म्हणाला, "आई, हा कचरा कशाला वाहून आणतेस?" मीही त्याचीच री ओढली. आणायचंच तर धावडा आणावा, हे हलकं लाकूड कशाला? "हलकं आहे म्हनून तं आनलं," एवढं बोलून काकी पाणी प्यायला आत गेली. ते वाक्य परतीच्या वाटेवर गोंदियापर्यंत माझी पाठ सोडेना.

आपल्या भाषेनंच इथे घोटाळा केला आहे. वजनाला कमी ते हलकं आणि प्रतीला कमी तेही हलकं. जड ते भारी आणि उत्तम तेही भारी. शब्द एकच, म्हणून आपण दोन्ही गोष्टी एकच धरून बसलो. पण अगदी कोरडं लाकूड कुठल्याही झाडाचं घ्या, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच, 4000 ते 4500 किलोकॅलरी. धावडा सावरीच्या दुपटीहून घट्ट, म्हणून ढिगाला ढीग तोलला तर तो कितीतरी सरस. गाडीत भरून नेणाऱ्याला तो परवडतो, कारण गाडीत जागा मोजावी लागते. डोक्यावर मात्र वजनच मोजलं जातं. वीस किलो सावर आणि वीस किलो धावडा, मानेला भार तेवढाच आणि उष्णताही जवळजवळ तेवढीच. शिवाय धावड्याला कुऱ्हाड लागते; सावरीची पडलेली फांदी गुडघ्यावर मोडते. खरं वाईट लाकूड म्हणजे ओलं लाकूड. ताज्या तोडीत निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. ते पाणी आधी वाहून आणायचं, मग चुलीत जाळायचं.

घरात गॅस आहे तर सरपण कशाला, हा चुलतभावाचा हिशेब मात्र उडवून लावण्यासारखा नाही. साध्या चुलीत दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, गॅसवर साठ टक्क्यांच्या आसपास. मी स्वतः आकडे मांडून पाहिले. 14.2 किलोच्या एका सिलिंडरला वीस किलोच्या दहाएक मोळ्या लागतात. एका मोळीला चार तास धरले तर चाळीस तास. तो म्हणतो, चाळीस तासांची मजुरी धर. इथे तो चुकतो. काकी पहाटे जाते ती मोहफुलं वेचायला. जंगलापर्यंतची पायपीट मोहाच्या खात्यावर पडलेली असते. परतीच्या वाटेत हाताला लागेल ते ती बांधते. आणि पाण्याची सोय नसलेल्या धानाच्या शिवारात चैत्रात मजुरी देणार कोण?

थोडं आडवळण घेते. हा मुलूख 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि तिथला 'निस्तार' हा शब्द आपल्याकडे राहिला. गावानं जंगलातून घरच्या गरजेपुरतं सरपण, बांबू, चराई घ्यायची, ती निस्तार पत्रकात नोंदलेली. 2006च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येतही झुडपी लाकूड आणि खुंट आहेत. म्हणजे ज्याला माझा भाऊ कचरा म्हणतो, त्याला कायद्यानं नावानिशी जागा दिली आहे. याचा मला फार आधार वाटतो.

इथवर येईपर्यंत मी पूर्ण काकीच्या बाजूची झाले होते. मग तिची चूल आठवली. सावर भराभरा जळते. धावड्याचा ओंडका चुलीत सारून बाई धुणं उरकू शकते, सावरीला दर दोन मिनिटांनी पुढे सारावं लागतं. जे वाटेवर वाचलं ते इथे फेडायचं, आणि तेही धुरात बसून. डाळ शिजेपर्यंत काकी तिथून हलत नाही. तिचा खोकला मला लहानपणापासून पाठ आहे, आणि माझ्या किलोकॅलरीच्या गणितात त्याला रकानाच नव्हता. आणताना सोपं आणि जाळताना सोपं, हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि हलक्या लाकडात ते एकमेकांच्या उलट जातात.

म्हणून परवा चुलतभावाला फोन केला. म्हटलं, आईला मोळी आणू नको म्हणू नकोस. अंगणातल्या उघड्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायला सावर पुरते. तिथे धूरही कोंडत नाही आणि जाता-येता फांदी पुढे सारली तरी भागतं. डाळ-भात तेवढा गॅसवर होऊ दे, आणि सिलिंडर रिकामा व्हायच्या आत भरायचे पैसे तू पाठवत जा.