काळी माती, पांढरा कापूस आणि ड्रोनचा डोळा

अमरावतीत काय किंवा अकोल्यात काय, हौसेने ड्रोन घेऊ पाहणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात आपोआप काय काय होतं? प्रश्न रास्त आहे. पण यंत्र स्वतःला सांभाळतं ही एक गोष्ट झाली आणि ते आपल्या वतीने पाहतं ही दुसरी. तुलना करताना या दोन्ही एकाच यादीत बसवल्या की फसगत होते.

सांभाळण्याचं काम यंत्राकडे खुशाल सोपवावं. डीजेआयचे मिनी २ आणि मिनी ४ प्रो घ्या. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तरी हौशी मंडळींच्या बोलण्यात हीच नावं असतात. दोन्ही २५० ग्रॅमच्या आतले, म्हणून २०२१ च्या ड्रोन नियमांत ‘नॅनो’. संपर्क तुटला की दोन्ही निघाल्या जागी परततात. मात्र मिनी २ ला अडथळा ओळखता येत नाही. तो ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ येतो, मग वाटेत कडुनिंब असो की मोबाईलचा टॉवर. मिनी ४ प्रो चहूबाजूंनी पाहतो, पण वावरावरून गेलेली विजेची बारीक तार त्यालाही भरवशाने दिसत नाही. आणि दोन्हींची तापमानाची मर्यादा ४० अंशांची. मे महिन्यात अकोल्याचा पारा दुपारी त्याच्या कितीतरी वर असतो, तेव्हा उडवायचं तर सकाळीच.

आणखी एक. पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. सातपुड्याच्या कड्यावरून ड्रोन दरीकडे नेला की पडद्यावर ३० मीटर दिसतात आणि खालची जमीन शेकडो मीटरवर गेलेली असते. नियमातली १२० मीटरची मर्यादा मात्र जमिनीपासूनची आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची प्रवासी विमानं सुरू झाली आहेत; त्या बाजूला उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा आपणच पाहायचा.

आता पाहण्याचं. कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर चौकटीतल्या सगळ्याची सरासरी काढून तिला मध्यम उजेडाकडे ओढतं. वऱ्हाडात नेमकं हेच घात करतं, कारण आपला मुलूख दोन टोकांचा आहे. जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी चौकटभर आली की कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो, तो चित्र दाबतो आणि पांढराशुभ्र कापूस मळकट करड्या रंगाचा होतो. नांगरून पडलेलं काळं वावर घेतलं की उलटं: तो उजेड वाढवतो आणि काळीभोर जमीन फिकट, धुळकट दिसते. ड्रोन पुढे सरकताना एक्स्पोजर मध्येच बदलतं ते वेगळंच. मिनी ४ प्रोचा सेन्सर मोठा, उजेड-अंधार दोन्ही जास्त धरून ठेवतो. पण काळं किती काळं दिसावं हे त्याला कोण सांगणार? ते हाताने ठरवायची सोय दोन्हींत आहे. कापसासाठी एक पायरी वर, काळ्या जमिनीसाठी एक पायरी खाली, आणि मग तिथेच कुलूप. मला तयार घिरट्यांच्या साऱ्या यादीपेक्षा ही एक सोय मोलाची वाटते.

त्या घिरट्या सुबक असतात, नाही म्हणत नाही. माणसाभोवती गोल फिरणं, मागे हटत वर जाणं. पण लग्नाच्या व्हिडिओत अचलपूरचं लॉन आणि मूर्तिजापूरचं लॉन त्यामुळे एकच दिसायला लागतं. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची एक ओळ असते. ती उभी पाहायची तर ड्रोन कॅमेरा खाली रोखून ओळीच्या चालीनेच, सावकाश न्यावा लागतो. अशी चाल तयार यादीत नाही.

मागोवा घेण्याची सोय मिनी २ मध्ये नाहीच, मिनी ४ प्रोमध्ये आहे आणि ती चांगली चालते. पडद्यावर बोटाने चौकट ओढली की वेचणीवरची एखादी बाई त्या यंत्राच्या नजरेत धरली जाते. ती चालेल तिकडे कॅमेरा. तिला वर घरघर ऐकू येते, एवढंच. चौकट ओढण्याआधी धुऱ्यापर्यंत चालत जाऊन ‘मावशी, वरून तुमचा व्हिडिओ काढू का?’ असं विचारावं लागतं, आणि ती नको म्हणाली तर ड्रोन दुसरीकडे न्यावा लागतो.